‘बॉम्बे, १९६२’

दोन हजार चारशे डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला दोन महिने लागले.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो आणि १९५०-६० च्या काळातल्या अमेरिकन कवींच्या सह्या असलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवतो. ॲलन गिन्सबर्गचं ‘हाऊल’ तेवढं राहिलं होतं. सिटी लाइट्सने १९५६ मध्ये काढलेलं, खिशात मावणारं पुस्तक. पहिल्या छपाईच्या हजार प्रती, इंग्लंडात छापलेल्या, किंमत ७५ सेंट. पुढच्या वर्षी दुसऱ्या छपाईच्या ५२० प्रती कस्टम्सने जप्त केल्या, अश्लीलतेचा खटला झाला, प्रकाशक फर्लिंगेटी सुटला आणि पुस्तक धो धो खपलं. त्यामुळे नंतरच्या प्रती पैशाला पासरी, पहिल्या हजारातली मात्र शोधून सापडत नाही.

ऑनलाइन एक विक्रेता भेटला. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं त्याने पहिल्याच निरोपात विचारलं. दादरचा, म्हटलं. दोन दिवसांनी सहीच्या पानाचा फोटो आला. सहीखाली ‘बॉम्बे, १९६२’. त्या वर्षी गिन्सबर्ग खरोखरच मुंबईत आला होता. विक्रेत्याचे वडील म्हणे तेव्हा तिथे नोकरीला होते, त्यांनी स्वतः सही घेतली. आधी प्रश्न, मग फोटो, हा क्रम आज लख्ख दिसतो. तेव्हा मी पुरता विरघळलो होतो.

प्रकाशनाच्या पानाचा फोटो मागितला, तर ‘१९५६’ च्या ओळीखालीच कापलेला आला. पैसे नातेवाइकांना पाठवतात त्या पद्धतीने पाठवा, कमिशन वाचेल, म्हणाला. त्या पद्धतीत तक्रारीला जागाच नसते. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. सही खरी आहे असं त्यावर कोण म्हणत होतं, तर स्वतः विक्रेताच!

पुस्तक आलं तेव्हा त्या पानाच्या खालच्या भागावर जुन्या मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. मला ती देखणीच वाटली.

विमा उतरवायचा म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. मालकीणबाईंनी सहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी अर्पणपत्रिका काढली. पहिल्या छपाईत तिथे ल्यूशिएन कारचं नाव आहे, पुढे त्याच्याच सांगण्यावरून ते काढलं गेलं. माझ्या प्रतीत केरुअ‍ॅक, बरोज आणि कॅसडी, तिघंच. मग त्यांनी चिठ्ठीचं पान दिव्यासमोर धरलं. खाली दुसरं, तिसरं अशा पुढच्या मुद्रणांच्या ओळींची उतरंड दिसली.

‘बरं, नंतरची छपाई असेल,’ मी म्हणालो, ‘पण सही तर मुंबईची आहे.’

त्यांनी प्रकाशकाच्या पत्त्याच्या टोकावर बोट ठेवलं. ९४१३३. अमेरिकेत पाच आकडी पिनकोड, म्हणजे झिप कोड, जुलै १९६३ पासून आला. त्याआधी शहराच्या नावापुढे फार तर एक-दोन आकडे असत. म्हणजे सही झाली तेव्हा पुस्तक छापलेलंच नव्हतं.

विक्रेत्याला लिहिलं. तो म्हणाला, मी ‘पहिली आवृत्ती’ म्हटलं होतं, ‘पहिलं मुद्रण’ नाही. आपल्याकडेही आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांचा असाच घोळ घालतात, पण या व्यवहारात सगळे पहिली आवृत्ती म्हणतात ती पहिल्या छपाईलाच. झिप कोडबद्दल विचारल्यावर त्याने उत्तरं देणं बंद केलं. मग मी त्याची जुनी यादी चाळली. त्यात सिल्व्हिया प्लाथची सही असलेलं ‘एरिअल’ होतं. प्लाथ गेली फेब्रुवारी १९६३ मध्ये आणि ‘एरिअल’ निघालं १९६५ मध्ये. हे मला पाठ आहे हो, फक्त पैसे भरण्याआधी ती यादी उघडली नाही.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाने आणखी एक ‘हाऊल’ विक्रीला दिसलं. सहीखाली ‘पॅरिस, १९५८’, आणि ‘जी’ची शेपटी माझ्या प्रतीत आहे तशीच डावीकडे वळलेली. मी अर्पणपत्रिकेचा आणि प्रकाशनाच्या अख्ख्या पानाचा फोटो मागितला. दहा मिनिटांत उत्तर आलं: प्रत विकली गेली आहे. विक्रीची नोंद मात्र अजून तशीच आहे.