आत्याची शेमा आणि सहा हजारांचा रेकॉर्डर

फोन असताना वेगळा व्हॉइस रेकॉर्डर कशाला, हे घरात तिघांनी विचारून झालं. गेल्या वर्षी अलिबागला इस्रायल आळीत चुलतकाका आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, पूर्वजांची नवगावची गोष्ट रंगात येऊन सांगत होते. गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष तेवढे किनाऱ्याला लागले, आणि नेमका तेव्हाच 'कर्ज हवंय का' विचारणारा फोन आला. काका म्हणाले, "घे गं, महत्त्वाचा असेल." पुढची गोष्ट त्यांनी आजतागायत सांगितलेली नाही.

म्हणून सहा हजार दोनशेला हा बोटभर लांबीचा रेकॉर्डर घेतला. टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल लागतात. मी तीन दिवस वापरला, तरी सेल बदलावे लागले नाहीत. बटणं मोठी आहेत. अक्षरं मात्र बारीक आहेत आणि चालू असल्याचा लाल दिवा तिळाएवढा. त्या दिव्याबद्दल पुढे सांगते.

पहिली परीक्षा रेवदंड्याला, आत्याकडे. तिचं वय 84. गावातल्या 1842 च्या बेथ एल सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, ती अजून 'मशीद'च म्हणते. मी रेकॉर्डर ओट्यावर ठेवला, कारण आत्या बसून बोलणाऱ्यातली नाही. मलिद्याचे पोहे भिजत घातलेले, नारळ खवायचा राहिलेला. आवाज इतका स्वच्छ आलाय की खवणीवर वाटी फिरवताना तिच्या बांगड्या कधी थांबतात तेही कळतं. सणांची जुनी नावं तिने एका दमात सांगितली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. "रोश हशाना, योम किप्पूर ही हिब्रू नावं मोठं झाल्यावर शिकलो आम्ही. आधी दारं लावून उपास धरायचो, बस." मी विचारलं, मग आपण ज्यू कधीपासून? ती म्हणाली, "आपण इस्राएल. ज्यू हा पेपरातला शब्द." या वाक्यासाठी पैसे वसूल.

मग मी विचारलं, तू देवाशी बोलतेस का? तिने हात पुसले, उजवा तळवा डोळ्यांवर धरला आणि ओठातल्या ओठात शेमा, देव एकच आहे असं सांगणारी ज्यूंची प्रार्थना, म्हटली. बाकी सारं विसरलं तरी आपल्या लोकांनी कोकणात एवढी एक प्रार्थना टिकवली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर माझा प्रश्न आहे आणि त्याच्या पाठोपाठ कुकरची शिट्टी. मधली शेमा गायब!

दोष अर्धा माझा. आवाज कमी झाला की रेकॉर्डिंग आपोआप थांबवण्याची सोय यात आहे, आणि डब्यातून निघतो तेव्हा ती चालूच असते. पुस्तिकेत ते सतराव्या पानावर आहे. वर्गात किंवा मीटिंगमध्ये उपयोगी पडेल, पण म्हाताऱ्या माणसांसाठी घेत असाल तर पहिलं काम म्हणजे ती बंद करा. आमच्या माणसांचं निम्मं बोलणं पुटपुटण्यात जातं.

आत्याला सांगितलं, परत म्हणशील का. "तुझ्या यंत्रासाठी? सकाळी म्हणतेच की मी. राहा आजची रात्र." राहिले. सकाळची फाइल सव्वादोन मिनिटांची आहे. त्यात कावळे आहेत, बादलीत पडणारं पाणी आहे आणि शेमा आहे.

पुढे इस्रायलमध्ये लोदला, बाबांच्या मामेभावाकडे. पंखा नाही, खिडक्या बंद, त्यामुळे आवाज उत्कृष्ट. मराठी ऐकून लिहून देणारं एक अ‍ॅप मी या फायलींवर चालवून पाहिलं; त्याने 'एलियाहू हन्नाबी' या प्रेषिताच्या नावाचं 'अलिया हो नाही' केलं. हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

या लोदच्या काकांचं लग्न 1963 मध्ये अडलं होतं. मुलगी इराकी ज्यू घरातली. आदल्याच वर्षी तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं होतं की बेने इस्राएलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी वंशाची चौकशी करा. काका म्हणाले, "कोकणात आम्ही शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणजे हे कोण ते गावाला ठाऊक. कोणी कागद मागितला नाही. आणि इथे आलो तर आजीची आई कोण, ते सांगा!" 1964 मध्ये जेरुसलेमला धरणं धरलं, त्यात तेही बसले होते. त्याच वर्षी सरकारने आणि संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

इथपर्यंत सांगून ते म्हणाले, "बंद कर आता." मी बटण दाबलं, म्हणजे दाबलं असं मला वाटलं. तो तिळाएवढा दिवा उजेडात दिसेना. त्या मुलीबद्दल आणि सासरेबुवांबद्दल ते आणखी वीस मिनिटं बोलले, आणि उठताना मला आकडे पळताना दिसले. दिव्याचे दोन गुण मी इथे कापते.

त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा शोधू लागले. खोडायचं बटण मात्र सोपं आहे, दोनदा दाबलं की झालं. फक्त पूर्ण फाइलच जाते, शेवटचा तुकडा तेवढा कापता येत नाही. म्हणजे धरण्याचा भागही जाणार होता. तो मी आधीच वहीत टिपलेला. चष्मा लावून त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला आणि दुसऱ्यांदा बटण स्वतः दाबलं. "गेलं?" मी म्हटलं, गेलं. मग त्यांनी चहा टाकला.