आवडनिवड इंग्रजीत मांडायला शिकवणारा जळगावचा वर्ग

जळगावातील एका इंग्रजी संभाषण वर्गात आवड, पसंती आणि कल सांगणाऱ्या क्रियापदांसाठी स्वतंत्र तास घेतले जातात, आणि त्या तासांमुळेच हा वर्ग मला इतरांपेक्षा सरस वाटतो. बहुतेक ठिकाणी 'लाइक', 'एन्जॉय', 'प्रिफर' यांचे अर्थ फळ्यावर लिहून पुढचा धडा सुरू होतो. इथे मात्र क्रियापदाच्या मागोमाग काय येते यावर सारा भर असतो, आणि आपली मुले अडखळतात तीही नेमकी तिथेच.

'एन्जॉय'नंतर क्रियापदाचे 'इंग' लागलेले रूपच येते, 'लाइक'नंतर ते किंवा 'टू'सह येणारे रूप दोन्ही चालतात, पण 'वुड लाइक' म्हटले की 'टू' हवेच, हे बाईंनी तोंडी सरावातून पक्के करून घेतले. खरी कसोटी लागते ती 'प्रिफर'पाशी. यावलकडच्या एका मुलीने 'आय प्रिफर भरीत दॅन शेवभाजी' असे म्हणताच बाईंनी ते वाक्य फळ्यावर घेतले, 'दॅन' खोडून 'टू' लिहिले आणि त्याखाली 'आय वुड रादर ईट भरीत दॅन शेवभाजी' असे मांडून 'दॅन' कुठे शोभतो ते दाखवले. 'रादर'नंतरच्या 'ईट'ला 'टू' लागत नाही, हेही त्याच वाक्यात मुलांच्या ध्यानात आले.

अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या जिभेवर 'माले आवडस' ही रचना बसलेली असते. तिच्यात आवडणारी वस्तू कर्ता असते, तर 'आय लाइक'मध्ये आवड बाळगणारा माणूस कर्ता होतो. जुन्या इंग्रजीत 'लाइक'च्या मूळ क्रियापदाचा अर्थ 'भावणे' असाच होता आणि भावणारी वस्तूच कर्ता असे, हे बाईंनी आवर्जून सांगितले. घरच्या बोलीला कमी न लेखता व्याकरण शिकवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

'रादर'चा पुढचा भाग मात्र घाईत उरकला गेला. दुसऱ्याने काही करावे असे आपल्याला वाटत असेल, तर 'आय वुड रादर यू केम टुमॉरो' असे म्हणतात. गोष्ट उद्याची असूनही क्रियापद भूतकाळी का, याला निदान एक पूर्ण तास द्यायला हवा. संध्याकाळच्या तुकडीत गर्दी असल्यामुळे मागच्या बाकावरच्यांना बोलण्याची पाळी क्वचितच मिळते. भुसावळ-पाचोऱ्याहून रेल्वेने येणाऱ्यांना जमत असेल, तर त्यांनी सकाळच्या तुकडीतच नाव घालावे.