पॉइंट शूज: लेकीच्या पायात एक पावसाळा काढल्यावर

नाशिकला पॉइंट शूज, म्हणजे बॅलेत बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट, कुठे मिळतात, असं विचारणाऱ्या आयांसाठी लिहितेय. मला तरी इथे पाय बघून बूट देणारं कोणी सापडलं नाही. शेवटी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. सात-आठ हजारांची जोडी आहे, वर प्रवास. तरीही पहिली जोडी ऑनलाइन मागवू नका. शाळेच्या बुटाचा नंबर इथे चालत नाही. बोटांची लांबी, पंजाची रुंदी, तळपायाची कमान किती वाकते, हे सगळं बघून बूट ठरतो. जरा सैल राहिला की पाय आत घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या नखावर येतो.

एरवी भार नुसत्या बोटांवर नसतोच. पुढचा कडक बॉक्स पंजाला चहूबाजूंनी आवळून धरतो, तळातली शँक, म्हणजे कडक पट्टी, कमानीला टेकू देते, उरलेलं काम घोटा, पोटरी आणि पोटाचं. म्हणून मुलगी बारा वर्षांची झाली एवढ्यावर बूट घेऊ नका, टीचर हो म्हणेपर्यंत थांबा. आमच्या टीचरनी आधी एकेका पायावर रिलेव्हे (टाच उचलून चवड्यावर चढणं) करून घेतले, घोटा डगमगत नाही हे बघितलं, मगच परवानगी दिली.

आता पावसाळ्याचं. बॉक्समध्ये लाकूड-बिकूड काही नसतं. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून वाळवलेले असतात. एप्रिलमध्ये फरशीवर टकटक वाजणारा बूट जुलैच्या झडीत लिबलिबीत झाला. आतून घाम, बाहेरून दमट हवा. घरात टॉवेल वाळत नव्हते तिथे हा काय वाळणार! क्लासहून आल्या आल्या आतले पॅड काढायचे, बूट जाळीच्या पिशवीत घालून पंख्याखाली टांगायचे आणि पुढच्या क्लासला दुसरी जोडी. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलेत तर पैसे पाण्यात. खळीऐवजी इलास्टोमर (रबरासारखं प्लास्टिक) वापरणारे गेनर मिंडन कंपनीचे शूज 1993 पासून मिळतात आणि ते असे मऊ पडत नाहीत. पण ते महाग, आणि पहिल्या जोडीला आमच्या टीचर नको म्हणाल्या.

रिबिनी आणि इलास्टिक घरीच शिवावं लागतं. सुई आतल्या कापडातूनच घ्यायची, काठातल्या नाडीत अडकली तर नाडी ओढली जात नाही. साधा दोरा तुटला, दात साफ करायचा फ्लॉस टिकला. रिबिनीची टोकं मेणबत्तीवर जरा धरली की उसवत नाहीत. टोकाचं सॅटिन लगेच फाटतं, त्याला घाबरू नका. तिथे जाड दोऱ्याने रफू करतात. 1832 मध्ये पॅरिसला बॅले नर्तकी मारी तालिओनी नाचली तेव्हा तर बॉक्स नव्हताच, मऊ सॅटिनच्या बुटाला अशा टाक्यांचाच काय तो आधार.

घरच्या गुळगुळीत टाइल्सवर सराव करू देऊ नका, घसरायला होतं. बूट घसरू नये म्हणून टोकाला लावायची राळ काष्ठौषधींच्या दुकानात स्वस्तात मिळते, पण फार लावली की पाय अडकतो आणि गिरकी घेताना गुडघ्यावर ताण येतो.

बूट संपला हे दिसत नाही, कळतं. लेक म्हणाली, “आई, मी खाली बसतेय आतमध्ये.” शँक दाबून बघितली तर पुठ्ठ्यासारखी वाकली. व्यावसायिक नर्तकी एका प्रयोगात जोडी संपवतात म्हणे, आमची काही महिने गेली. हे मला परवडणारं वाटलं. शेजारच्या वहिनींनी जुनी जोडी त्यांच्या मुलीसाठी मागितली, पण दिली नाही. ती हिच्या पायाच्या आकाराची झालेली, वर मेलेली. रिबिनी तेवढ्या उसवून घेतल्यात, नव्या जोडीला लागतील.