भंडारदरा की दापोली? आधी महिना सांगा

कॉटेज ठरवताना आपण फोटोतला झोपाळा बघतो आणि खोलीतून काय दिसतं ते विचारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपतो आणि पोरं म्हणतात, "आता काय?" याचं उत्तर कॉटेजच्या फाटकाबाहेर असतं, म्हणून बुकिंगआधी तेच तपासावं. दोन्हीकडे बऱ्याचदा राहून माझं मत असं झालंय की भंडारदऱ्याला कॅलेंडर बघून जावं आणि दापोलीत घड्याळ बघून हिंडावं.

भंडारदऱ्याची बहुतेक कॉटेजं शेंडी गावाच्या आसपास, धरणाला धरून आहेत. प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. इथे बघायचं जे काही आहे ते पाण्याच्या लहरीवर चालतं. रंधा धबधबा ऑगस्टमध्ये असा कोसळतो की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. तोच आम्ही एकदा एप्रिलमध्ये बघायला गेलो, तर खडकावरून नळ गळावा तसं पाणी. "याच्यासाठी आणलंस?" हे वाक्य आमच्याकडे अजून निघतं. भिंतीखालचा अंब्रेला फॉलही धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो.

याउलट सांदण दरी. साम्रदजवळची ही कातळातली चीर पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य, कारण पाणी तिच्यातूनच धावतं. पाऊस सरून पाणी ओसरलं, की हिवाळ्यात जावं. तेव्हाही आत पाण्याचे डोह लागतात, म्हणून बूट भिजतील हे धरूनच निघायचं. कळसूबाईला बारी गावातून चढतात. उंची 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि वाटेत लोखंडी शिड्या. पहाटे निघालात तर उन्हाच्या आत खाली येता.

पण माझ्या मते भंडारदऱ्याचा खरा मोसम म्हणजे मेचा शेवट आणि जूनचे पहिले दिवस. काजवे! अंधार पडल्यावर हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ यांतलं एखादं झाड आधी चार-दोन ठिपक्यांनी लुकलुकतं. मग एक फांदी लागते, मग शेजारची, आणि थोड्या वेळाने अख्खं झाड एका लयीत पेटतं-विझतं. पाऊस जोराने लागला की खेळ संपला. अडचण माणसांची आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि हेडलाइट झाडावर पडला की काजवे दिसेनासे होतात. मधल्या वारी जा, गाडी लांब लावा, टॉर्च खिशात ठेवा. दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर बघा. तिथलं दगडी कोरीवकाम बघायला तासभर सहज जातो.

दापोलीकडे महिन्याचं बंधन बरंच सैल, फक्त पावसाळ्यात बोटी बंद. पण वेळ चुकली तर वाया गेलात. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आम्ही पहिल्या खेपेला सकाळी अकराला गाठला. ओल्या दोऱ्या, बर्फाचा चुरा आणि उरलीसुरली कोळंबी निवडत बसलेल्या दोन बायका, एवढंच शिल्लक होतं. पुढच्या वेळी दुपार उतरताना गेलो. होड्या येत होत्या, बैलगाड्या मासळी घेऊन वाळूतून वर चढत होत्या. पापलेटाच्या ढिगाभोवती घोळका जमला आणि आकडे एवढ्या भराभर पडले, की माल कोणी घेतला हे कळेपर्यंत टोपली उचललीही गेली. आधी कॉटेजवाल्याला विचारा, आज होड्या कधी लागणार. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिकडे फिरकूही नका.

त्याच बंदरातून होडीने सुवर्णदुर्गावर जाता येतं. मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतला हा एक. आत पडझड बरीच आहे, पण दरवाजापाशी कोरलेलं कासव चुकवू नका. होडी चुकली तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जा, किल्ला तिथूनही छान दिसतो. डॉल्फिन बघायचे तर सकाळी लवकर कर्दे-मुरूडला. वेळासला कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात, पण ते गाव लांब आहे आणि पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नाही. त्यासाठी मुक्काम तिथेच करा.

एक जागा मात्र घड्याळाबाहेरची. आसूदचा केशवराज. पोफळींच्या बागेतून पायऱ्या उतरायच्या, ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडायचा आणि मग चढ. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी बागेत गारवा असतो, पाटाचं पाणी शेजारून वाहत असतं. वर देवळाच्या अंगणात गोमुखातून पाणी पडतं, ओंजळ धरा आणि प्या.

आता कोणी कुठे जावं? सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर दापोली. केशवराजाचा चढ सोडला तर बरंचसं गाडीतून उतरून दिसतं, आणि किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसणं हाही कार्यक्रमच असतो. लहान पोरांना वाळू पुरते. कॉलेजची पोरं, चालणारी माणसं किंवा ऐन पावसात बाहेर पडायची हौस असेल तर भंडारदरा. तिकडे धबधबे जोरात असतात तेव्हा कोकणातला समुद्र फक्त लांबून बघायचा असतो. जेवणाचं म्हणाल तर मासे खाणाऱ्याला दापोलीपुढे दुसरं काही सुचणार नाही. भंडारदऱ्याच्या वाड्यावस्त्यांत पिठलं-भाकरी मिळते, पण सकाळीच सांगून ठेवावी लागते.

मुंबईहून भंडारदरा जवळ. रेल्वेने इगतपुरीला उतरून पुढे गाडी. दापोलीला कोकण रेल्वेचं खेड स्टेशन, तिथून साधारण तीस किलोमीटर वळणावळणाचा रस्ता, तेव्हा गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. दोनच रात्री असतील तर मी भंडारदराच निवडीन. दापोलीला तीन तरी हव्यात, नाहीतर लिलाव आणि होडी यांतलं एक काहीतरी हमखास हुकतं.