बॅटरीवरच्या अँपसाठी बूस्ट कन्व्हर्टर: एमटी३६०८, एक्सएल६००९ की सरळ एक सेल वाढवायचा?

एका लिथियम सेलवरून बूस्ट कन्व्हर्टरने (व्होल्टेज वाढवून देणारं छोटं मॉड्यूल) १२ व्होल्ट काढून १५ वॅटचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, वाजवायचा, हा बेत कागदावर फार सोपा दिसतो. जरा गणित करू. सेल उतरत आला की ३.३ व्होल्टवर येतो. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तरी १५ वॅट द्यायला सेलमधून ५.३ अँपिअर ओढावे लागतात. मॉड्यूलच्या जाहिरातीत जो अँपिअरचा आकडा असतो, तो बहुतेक वेळा चिपच्या आतल्या स्विचचा (कॉइलमधला करंट झपाट्याने चालू-बंद करणारा), म्हणजे इनपुटच्या बाजूचा. तेवढा करंट आउटपुटला मिळेल असं धरून चाललात की फसगत ठरलेली. म्हणून मॉड्यूल पारखताना प्रश्न एकच: बॅटरी सगळ्यात खाली असताना इनपुटला किती अँपिअर झेपतील?

या कसोटीवर एमटी३६०८ ही बूस्ट चिप छोट्या कामाला उत्तम आहे. ती २ व्होल्टपासून चालते, त्यामुळे एका सेलवर खुशाल लावा. स्विचची मर्यादा ४ अँपिअर असली तरी ती क्षणिक. एवढीशी कॉइल आणि एवढीशी चिप बघता सलग २ अँपिअरच धरावेत. ५ व्होल्ट काढले तर उतरलेल्या सेलवरूनही सहाएक वॅट मिळतात, आणि पीएएम८४०३ सारख्या ३+३ वॅटच्या अँपला गाण्यासाठी तेवढे पुरतात. हीच चिप १२ व्होल्टवर नेलीत तर हातात अर्धा अँपिअरही येत नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. मॉड्यूलवरचा पितळी स्क्रूचा प्रीसेट (आउटपुट व्होल्टेज ठरवणारा) अनेक फेऱ्यांचा असतो, आणि सुरुवातीला कितीतरी फेऱ्या फिरवूनही मीटर हलत नाही. मग एकदम व्होल्टेज बदलायला लागतं. पीएएम८४०३ ला ५.५ व्होल्टच्या वर सोसत नाही, तेव्हा अँप जोडण्याआधीच मीटर लावून सेटिंग करून घ्यावं.

एक्सएल६००९ अंगापिंडाने मोठी, म्हणून तीच घ्यावी असं वाटतं. पण डेटाशीटमध्ये तिचं किमान इनपुट ५ व्होल्ट आहे आणि एक सेल पूर्ण भरला तरी ४.२ च्या वर जात नाही. विकताना ३ व्होल्ट लिहितात, ते सोडून द्या. दोन सेल सिरीजमध्ये असतील तर मात्र ही माझी पहिली पसंती. ६.६ व्होल्टवर इनपुटला अडीच अँपिअर धरले तरी १२ व्होल्टला सव्वा अँपिअरच्या जवळपास मिळतात. जुनी एलएम२५७७ ५२ किलोहर्ट्झवर चालते, तिला मोठी कॉइल लागते. हाताशी पडून असेल तर वापरा, मुद्दाम आणू नका.

पॉवर बँकेचा तयार बोर्ड हा आळशी मार्ग, आणि चार्जिंग आयतं मिळत असल्याने मोहाचाही. पण लोड हलका झाला की यातले बरेच बोर्ड स्वतःहून बंद पडतात. आवाज कमी ठेवून संथ आलाप ऐकत बसलात की मध्येच शांतता!

आता आवाजातल्या किरकिरीबद्दल, कारण खरी डोकेदुखी तीच. स्विचिंग कानाच्या पल्ल्याबाहेर असतं, मग शिट्टी कुठून येते? एक्सएल६००९ साधारण ४०० किलोहर्ट्झवर चालते. टीपीए३११६ या अँप-चिपच्या बऱ्याच बोर्डांवर क्लास-डी, म्हणजे स्वतःही स्विचिंगवर चालणारा, अँपही ४०० वरच बसवलेला असतो. दोघं अगदी नेमके एका आकड्यावर कधीच नसतात. एक ४०० आणि दुसरा ४०३ असला, तर ३ किलोहर्ट्झचा फरक सरळ स्पीकरमध्ये ऐकू येऊ शकतो, तोही बोर्ड तापेल तसा सूर बदलत. १.२ मेगाहर्ट्झच्या एमटी३६०८ मध्ये ही जोडी जुळायची शक्यता कमी. ब्लूटूथ मॉड्यूलची टकटक हा वेगळा आजार आहे. ती सामायिक ग्राउंडमधून येते. ब्लूटूथला बी०५०५एस सारखा आयसोलेटेड (ग्राउंड वेगळा ठेवणारा) पुरवठा दिला की बहुधा जाते. तिच्यासाठी बूस्ट बदलून काही होत नाही.

२०-३० वॅटची अपेक्षा असेल तर बूस्टचा नाद सोडून तीन सेल सिरीजमध्ये लावा, हे माझं स्पष्ट मत. ९ ते १२.६ व्होल्ट थेट मिळतात आणि टीपीए३११६ ४.५ व्होल्टपासून चालतो. बॅलन्सिंगसह (सगळे सेल सारखे भरणारं) बीएमएस, म्हणजे बॅटरीचं संरक्षण करणारा बोर्ड, आणि १२.६ व्होल्टचा चार्जर एवढा व्याप वाढतो, तो पत्करावा. १५० वॅटचे मोठे बूस्ट बोर्ड बहुधा १० व्होल्टच्या खाली चालतच नाहीत, त्यामुळे ते चार सेलच्या पॅकवरून २४ व्होल्ट काढायला ठीक.

बेसच्या ठोक्याला आवाज फाटत असेल तर लोक आउटपुटला मोठा कपॅसिटर टाकतात. २२०० मायक्रोफॅरड १ अँपिअरची तूट २ मिलिसेकंद भरून काढतो, तेवढ्यात व्होल्टेज जवळपास ०.९ ने खाली येतं. ५० हर्ट्झच्या बेससाठी हे तोकडंच. कन्व्हर्टरमध्येच दम हवा. उलट फार मोठा कपॅसिटर लावला तर चालू करतानाच्या झटक्याने बीएमएस पुरवठा तोडतो. साध्या बूस्टमध्ये बॅटरीपासून कॉइल आणि डायोडमधून आउटपुटपर्यंत वाट कायम उघडी असते, त्यामुळे इनेबल पिन (चिप चालू-बंद करणारी) खाली ओढूनही अँपला बॅटरीचं व्होल्टेज जात राहतं. चालू-बंदचा स्विच बॅटरी आणि बूस्टच्या मधेच लावावा.