५०० मिमी मिरर लेन्स: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीनंतर सेकंडहँड ५०० मिमी एफ/८ मिरर लेन्स घेतली आणि हिवाळाभर मुख्यतः उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला वापरली. आधीच सांगतो, १५०-६०० मिमी झूम लेन्स परवडत नाही म्हणून हिच्याकडे वळत असाल तर थांबा. माझ्या लेन्सला ऑटोफोकस नाही, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/८ वरून हलत नाही. उडत्या सुरयामागे (हा एक पाणपक्षी) फोकस रिंग फिरवत बसलात की हाती फारसं काही लागत नाही. कॉन्ट्रास्टही फिका, एडिटिंगमध्ये वाढवावाच लागतो.

मग ठेवली कशाला? कड्यांसाठी. आत आरशांनी प्रकाश दुमडल्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते, पण समोर मधोमध एक छोटा आरसा बसतो. तो मधला प्रकाश अडवतो, त्यामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका पोकळ कडीसारखा उमटतो. मित्रमंडळी त्याला मेदूवडा म्हणतात. मागे गवत, काटक्या असल्या तर खरोखर वाईट दिसतं, एकेका काडीच्या दोन होतात. पण मागे उन्हात चमचमणारं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

भिगवणचे नावाडी सवयीने सूर्य पाठीशी ठेवून नाव लावतात. मी म्हटलं, “दादा, पलीकडून घ्या, उन्हाच्या तोंडाला.”

“अहो, पक्षी काळे येतील की सगळे!”

काळेच हवे होते. चिखलात एकटा शेकाट्या, लांब पाय आणि बारीक चोच यांची नुसती आकृती, मागे उजनीच्या पाण्यावर एकमेकींत गुंतलेल्या कड्या. रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याला हे जमत नाही, गर्दीत कड्यांना जागाच उरत नाही. पक्षी सुटा हवा आणि मागचं पाणी त्याच्यापासून बरंच लांब. त्यासाठी नावेत जमेल तितकं खाली बसायचं.

कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर मेनूत ५०० मिमी हाताने भरा, तिला लेन्स ओळखता येत नाही. अ‍ॅपर्चर हलत नसल्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, शटर आणि आयएसओवरच सांभाळायचं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग फोकस नेमका कुठे लागलाय तेच कळत नाही. तेव्हा मी सरळ चहाला जातो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल तर सूर्य चुकूनही चौकटीत घेऊ नका, डोळा जाईल.

ओळख पटवणारे, नोंदीचे फोटो मी अजूनही साध्या झूमवरच काढतो. जुनी मिरर लेन्स घेणार असाल तर आत टॉर्च मारून आरशावर बुरशी नाही ना, एवढं बघून घ्या.