एअरलाइनचं क्रेडिट कार्ड, अकरा महिन्यांनंतर: सहा फुल्या आणि चार आकडे

माइल्स, म्हणजे खर्चावर मिळणारे आणि तिकिटासाठी वापरता येणारे विमान कंपनीचे गुण, कशावर किती, लाउंजमध्ये किती वेळा, फी कधी माफ, हे इथे लिहीत नाही. कार्ड घेणाऱ्याने ते आधीच पाठ केलेलं असतं, मीही केलं होतं. अकरा महिने मी झगडले ते बँकेच्या वेबसाइटशी, आणि खरं सांगायचं तर त्या वेबसाइटवरच्या एका पेटीशी. ‘लॉयल्टी नंबर’ असं तिचं नाव, म्हणजे विमान कंपनीकडच्या माझ्या माइल्स-खात्याचा क्रमांक. आत सहा फुल्या आणि शेवटचे चार आकडे.

पहिले पाच महिने मी खूश होते. स्टेटमेंट तयार झालं की दोन दिवसांत ‘माइल्स पाठवले’ असं हिरव्या अक्षरांत उमटायचं. पहिल्या तीन महिन्यांत ठरलेला खर्च पूर्ण केल्यावर स्वागताचा मोठा बोनसही तसाच हिरवा झाला. तो बोनस हेच कार्ड घेण्याचं कारण होतं, त्यामुळे त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश झाले. सहाव्या महिन्यात तिकीट काढायला विमान कंपनीच्या साइटवर गेले, तर खात्यात जुन्या दोन प्रवासांचे माइल्स तेवढे पडून. कार्डाचे शून्य. बोनससुद्धा नाही.

इथून फोनाफोनी सुरू झाली. विमान कंपनी म्हणाली, आमच्याकडे काही आलंच नाही, बँकेला विचारा. बँक म्हणाली, आम्ही पाठवलंय, त्यांना विचारा. को-ब्रँडेड कार्ड म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. कार्डावर नाव विमानाचं, पण खातं बँकेचं. स्टेटमेंट, बिल, व्याज, हरवलेलं कार्ड हे सगळं बँकेच्या लॉगिनमध्ये. माइल्स मात्र वेगळ्या लॉगिनमध्ये, वेगळ्या पासवर्डखाली. दोन्ही घरांना जोडणारा धागा एकच, तो लॉयल्टी नंबर. आणि तोच नेमका फुल्यांमागे.

तिसऱ्या फोनवर मी म्हटलं, तुमच्याकडे माझा कुठला नंबर आहे तो वाचून दाखवा. “सुरक्षेच्या कारणास्तव पूर्ण नंबर सांगता येत नाही मॅडम, शेवटचे चार सांगतो.” शेवटचे चार मला दिसतच होते. मग मी माझा अख्खा नंबर वाचला आणि म्हटलं, फक्त हो की नाही ते सांगा. बराच वेळ कीबोर्डची टकटक. “जुळत नाही मॅडम.”

त्या रात्री मी या कार्डाला एक तारा द्यायचं ठरवलं होतं. परीक्षण अर्धं लिहूनही झालं होतं, भाषा आत्तापेक्षा बरीच तिखट होती. बँकेच्या कारकुनाने माझा नंबर चुकीचा चढवला, असं त्यात ठासून लिहिलं होतं. मग पुरावा जोडावा म्हणून ‘दस्तऐवज’ विभागात मूळ अर्जाची पीडीएफ शोधली. त्यात नंबर पूर्ण छापलेला, एकही फुली नाही. आणि मधले दोन आकडे उलटे: ४७ च्या जागी ७४. अर्ज मीच भरला होता, मोबाइलवर, घाईत.

तर चूक माझी. मान्य. पण माझा राग तिथे संपला नाही, उलट त्याला नेमका पत्ता मिळाला. त्याच अर्जात मी जुन्या कार्डाचा नंबर टाकताना एक आकडा चुकवला होता, तेव्हा फॉर्म तत्काळ लाल झाला होता. कारण कार्ड नंबरचा शेवटचा आकडा तपासणीसाठीच राखलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० मध्ये मिळालं. कुठलाही एक आकडा चुकला तर ती पकडते. शेजारचे दोन उलटे झाले तरी पकडते, अपवाद फक्त ० आणि ९ एकमेकांच्या जागी गेले तर. माझे ४ आणि ७ तिने अलगद उचलले असते. पण लॉयल्टी नंबरच्या पेटीला असला काही पहारा नाही. दहा आकडे भरले की दार उघडं.

बरं, चूक आत गेल्यावर तरी दिसावी? पेटीत दिसतात शेवटचे चार, आणि ते बरोबरच होते. विमान कंपनी हाच नंबर माझ्या बोर्डिंग पासवर पूर्ण छापते, तो कागद मी विमानाच्या सीटच्या खिशात विसरूनही येते. बँकेला मात्र तो माझ्यापासूनच लपवायचा आहे! आणि लपवायचाच, तर त्याच साइटवरच्या पीडीएफमध्ये उघडा का? नवरा म्हणाला, किती उगाळशील. उगाळणारच. एअरलाइन्सच्या जगात माइल्स म्हणजे चिल्लर नाही. बँका ते विमान कंपनीकडून पैसे मोजून विकत घेतात. २०२० मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. ज्या आकड्यांवर एवढं कर्ज निघतं, ते कुणाच्या खात्यात जमा करायचे हे ठरवणारी पेटी इतकी गबाळी?

हिरव्या ‘पाठवले’चा अर्थही नंतर कळला. पाठवले म्हणजे पोचले नव्हे. विमान कंपनीकडे त्या नंबरवरचं नाव माझ्या नावाशी जुळलं नाही, म्हणून दर महिन्याची नोंद परत आली होती. ‘परत आले’ अशी अवस्थाच बँकेच्या पानावर नाही. साधं टपालसुद्धा पत्ता चुकला तर शेरा मारून परत येतं.

आता या परीक्षणाचा सूर बदलतो, कारण पुढचं मला अपेक्षित नव्हतं. फोनवर सांगितलं होतं की जुने माइल्स फक्त तीन महिन्यांपर्यंतचेच पुन्हा पाठवता येतात. म्हणजे बोनस जवळपास गेलाच. मी फोन सोडला आणि लॉगिन केल्यावर आत जी ‘सुरक्षित संदेश’ नावाची टपालपेटी असते, जिच्याकडे कुणी बघत नाही, तिथे लिहिलं. सहा ओळी, पीडीएफचं पान, विमान कंपनीच्या खात्याचा स्क्रीनशॉट, पाच स्टेटमेंटच्या तारखा. रडगाणं नाही. चार दिवसांत उत्तर आलं, नंबर दुरुस्त झाला, आणि पुढच्या दोन स्टेटमेंटमध्ये पाचही महिन्यांचे माइल्स बोनससकट जमा झाले. फोनवरच्या ‘शक्य नाही’ला लेखी उत्तरात जागाच उरली नाही. एका ताऱ्याचे तीन तिथेच झाले.

बाकीचं भराभर. ऑटोपे, म्हणजे बिल आपोआप भरण्याची सोय, लावताना टिचकी आधीपासून ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे बिलातल्या किमान भरायच्या रकमेवर असते, ती ‘पूर्ण बिला’वर न्या. मिनिमम भरून लेट फी टळते, व्याज नाही. शिवाय स्टेटमेंट निघाल्यावर ऑटोपे लावलात तर माझ्या बँकेत ते पुढच्या बिलापासून लागू होतं. चालू बिल हाताने भरा. रद्द तिकिटाचा रिफंड खात्यात दिसला म्हणजे बिल भरलं, असंही समजू नका, माझ्याकडे तो मिनिमम ड्यूमध्ये धरला गेला नाही. त्यावर मिळालेले माइल्स मात्र चटकन परत घेतले.

तिकीट प्रवासी वेबसाइटवरून काढलं तर कधी जास्तीचे माइल्स मिळतात, कधी नाही, याचं गूढ व्यापाऱ्याच्या चार आकडी कोडात आहे. मोठ्या विमान कंपन्यांचे कोड ३००० पासूनच्या रांगेत असतात, प्रवासी एजन्सीचा ४७२२. पैसे कुणी घेतले तेच बँक बघते, उडवलं कुणी याच्याशी तिला देणंघेणं नाही.

कार्ड तात्पुरतं गोठवायचं बटण उत्तम आहे. पर्स सापडेपर्यंत वीस मिनिटं गोठवलं, सापडल्यावर सोडलं, फोन नाही की नवं कार्ड नाही. बँकेच्या लॉगिनमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, आणि तिच्याबद्दल मला दोनच ओळी लिहाव्याशा वाटतात.

पुढच्या महिन्यात वार्षिक फी लागेल. आलेल्या माइल्समध्ये एक परतीचं तिकीट निघतंय, म्हणून वर्षभर ठेवतेय. दुरुस्तीनंतर ती पेटी पुन्हा उघडून बघितली. सहा फुल्या, तेच चार आकडे. आधी चुकीचा नंबरही अगदी असाच दिसत होता.